रंध्याच्या तोंडावरचे नाव कोणाचे? (जुन्या ब्रिटिश लाकडी रंध्यांचे निर्माते ओळखण्याविषयी)

पाचर:

मागच्या शनिवारी लीड्सजवळच्या एका गावात, जुने सामान विकणाऱ्या दुकानातल्या पत्र्याच्या खोक्याच्या तळाशी मला एक लाकडी रंधा मिळाला. हा फळी सपाट करायचा रंधा नव्हे. त्याचा तळ बहिर्गोल आहे, म्हणजे चौकटीच्या किंवा कपाटाच्या पट्टीवर खोलगट पन्हळ पाडण्यासाठी तो केलेला असावा. लांबी मोजली ती २४.१ सेंटीमीटर, म्हणजे साडेनऊ इंच भरली. लाकूड फिकट तपकिरी आहे आणि त्यावर बारीक गडद रेघोट्या आहेत, त्यावरून ते बीच नावाच्या झाडाचे असावे असा माझा तर्क आहे. पाते बाजूच्या फटीत पाचरीने आवळलेले आहे.

आता मुख्य अडचण सांगतो. रंध्याच्या पुढच्या टोकाला, जिथे लाकडाचा आडछेद दिसतो, तिथे निदान तीन ठसे आहेत. सर्वांत वरचा ठसा झिजलेला आहे. त्याच्या खाली दोन अक्षरी आद्याक्षरांचा एक ठसा दोनदा मारलेला आहे, आणि त्याच्याही खाली आणखी कोणाची तरी आद्याक्षरे आहेत. मागच्या टोकावर ८ हा आकडा आणि तीच दोन आद्याक्षरे पुन्हा एकदा आहेत. पात्यावर मात्र शेफिल्डच्या एका कारखान्याचे नाव स्वच्छ वाचता येते. एवढ्या नावांपैकी रंधा बनवणारा नेमका कोण, हे कसे ठरवावे? छायाचित्रे जोडली आहेत.

रिकामा_सुतार:

छायाचित्रे पाहिली. माझ्या मते यात कोडे फारसे नाही. पात्यावर जे नाव स्वच्छ आहे तेच निर्मात्याचे, कारण कारखानदार आपले नाव लोखंडावरच टाकणार. लाकडावर कोणीही काहीही ठोकू शकते. आमच्या पुण्याच्या घरी आजोबांचा एक रंधा आहे, त्याच्या पात्यावरही शेफिल्ड असे लिहिलेले आहे आणि घरात सगळे त्याला विलायती रंधाच म्हणत आले आहेत. वरचा ठसा वाचायचाच असेल तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून पाहावा, मळ निघाला की अक्षरे उठून दिसतील.

जुनाबाजार:

पाचर, कृपा करून पॉलिश पेपर हातात घेऊ नका. हे मी पोळलेल्या हाताने लिहीत आहे. बारा वर्षांपूर्वी, इंग्लंडमध्ये नवा असताना, एका मोठ्या रंध्याचे काळवंडलेले टोक मी ‘स्वच्छ’ केले होते. ठसा लाकडात जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असतो. चार हात फिरले आणि एका नावाची फक्त खालची ओळ उरली, तीही शहराच्या नावाची. रंधा आजही माझ्या फळीवर आहे आणि निर्मात्याचे नाव माझ्या निष्काळजीपणामुळे कायमचे गेले आहे.

वाचण्याची रीत अशी आहे. खोलीत अंधार करावा आणि एकच दिवा टोकाच्या पातळीला जवळजवळ समांतर धरावा, म्हणजे अक्षरांच्या कडांची सावली पडते. दिवा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून धरून वेगवेगळी छायाचित्रे काढावीत, कारण उभ्या रेषा एका प्रकाशात दिसतात आणि आडव्या दुसऱ्यात. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवली तरी पुष्कळ अक्षरे उमटतात. खडूची पूड मात्र भरू नये, ती आडछेदाच्या रंध्रांत जाऊन बसते आणि निघत नाही.

रिकामा_सुतार, पात्याविषयी मात्र तुमच्याशी सहमत होता येत नाही. ब्रिटनमध्ये रंध्याचे लाकडी अंग बनवणारे आणि पाते बनवणारे हे बहुतांशी वेगळे व्यवसाय होते. रंधेवाला पाती विकत आणत असे, आणि १८व्या शतकापासून ती प्रामुख्याने शेफिल्डहून येत. शिवाय पाते झिजते. त्या काळचे पाते म्हणजे नरम लोखंडाच्या पट्टीवर धारेच्या बाजूला पोलादाचा पातळ थर भट्टीत जोडलेला असे. तो थर घासून संपला की पाते बदलायचे. शंभर वर्षे वापरलेल्या अंगात तिसरे किंवा चौथे पाते असणे यात आश्चर्य नाही. पात्यावरचे नाव पात्याचा जन्म सांगते, अंगाचा नाही.

अंगाच्या निर्मात्याची जागा ठरलेली आहे: पुढच्या टोकावर, वरच्या बाजूला, मध्यभागी. तिथला ठसा बहुधा एकदाच आणि सरळ मारलेला असतो, कारण तो दुकानात, नव्या कोऱ्या रंध्यावर, हातोडीच्या एका बेताच्या घावाने मारलेला असतो. मालकांचे ठसे उरलेल्या जागेत बसतात: खाली, मागच्या टोकावर, कधी बाजूंवरही, आणि ते दोनदा-तीनदा मारलेले असतात. याचे कारण व्यवहाराचे आहे. सुतार दुसऱ्याच्या कामावर हत्यारांची पेटी घेऊन जात असे, तिथे दहा जणांची हत्यारे एकत्र होत, आणि आपले हत्यार आपल्याच पेटीत परत यावे एवढीच त्याची इच्छा असे. तेव्हा तुमची दोनदा मारलेली आद्याक्षरे मालकाची, आणि वरचा झिजलेला ठसा निर्मात्याचा, असे मी तूर्त धरून चालेन.

पाचर:

जुनाबाजार, आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री पडदे लावून मोबाइलचा दिवा आडवा धरला आणि तासभर बसलो. पहिले अक्षर म्हणजे फक्त एक उभी काठी आहे. त्यानंतर ओ, एच, एन ही अक्षरे नि:संशय आहेत. मग थोडी मोकळी जागा, मग जी आणि आर. पुढची दोन अक्षरे घासली गेली आहेत, पण दोन्हींना डावीकडे उभी रेष आहे आणि दुसऱ्याचा तळाचा आडवा दांडा दिसतो. शेवटी एन. ठशाभोवती चौकट नाही, आणि शहराचे नावही नाही.

जुनाबाजार:

जॉन ग्रीन, यॉर्क. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि १९व्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या काळात यॉर्कमध्ये काम करणारा हा मोठा रंधेवाला. लंडनबाहेरच्या त्या काळच्या निर्मात्यांपैकी ज्याचे रंधे आज भरपूर सापडतात अशांत त्याचे नाव घेतले जाते. तुम्हाला तो लीड्सजवळ मिळाला, म्हणजे अडीचशे वर्षांत तो रंधा फार तर एक दिवसाची पायपीट चालला.

मुळाकाठ:

शंका काढल्याबद्दल क्षमस्व, पण जॉन ग्रीन हे इंग्लंडमध्ये आपल्याकडच्या रामचंद्र जोशीसारखे नाव आहे. ते एखाद्या मालकाचेही असू शकते. जागा वरची आहे एवढ्यावरून निर्माता ठरवणे मला घाईचे वाटते. पहिल्या मालकाला टोक कोरे मिळाले असेल तर तोही वरच्या मध्यभागीच ठसा मारेल.

जुनाबाजार:

मुळाकाठ यांची शंका रास्त आहे, आणि या छंदातली निम्मी भांडणे याच एका शंकेवर चालतात. जागा हा एक पुरावा झाला. त्याहून बळकट पुरावा म्हणजे तोच ठसा, त्याच अक्षरवळणाचा, एकमेकांशी संबंध नसलेल्या वेगवेगळ्या मालकांच्या रंध्यांवर, प्रत्येक वेळी त्याच जागी सापडणे. मालकाचा ठसा त्याच्या एका पेटीपुरता असतो. ती पेटी फुटून चार ठिकाणी विकली गेली तरी त्या रंध्यांवर इतर निर्मात्यांची नावेही सोबत दिसतात. निर्मात्याचा ठसा मात्र शेकडो पेट्यांत पसरलेला असतो. डब्ल्यू. एल. गुडमन यांनी १९६८ मध्ये ब्रिटिश रंधेवाल्यांची सूची प्रसिद्ध केली आणि पुढे जेन व मार्क रीस यांनी ती वाढवली, तिच्यामागचे कष्ट मुख्यतः हेच आहेत: ठसे जुळवायचे, आणि मग गावोगावच्या व्यापारी सूचींत व शिकाऊ उमेदवारांच्या करारनाम्यांत त्या नावाचा माणूस खरोखर रंधे करत होता का, हे पाहायचे.

दुसरे म्हणजे ठसा आणि अंग यांची साक्ष जुळली पाहिजे. नाव १८व्या शतकातले आणि अंग राणी व्हिक्टोरियाच्या काळातले असे असेल तर कुठेतरी चूक आहे. म्हणून पाचर यांना काही गोष्टी पुन्हा पाहायला सांगतो.

लांबी साडेनऊ इंच आहे, हे ठीक. १८व्या शतकाच्या सुरुवातीला मोल्डिंगचे, म्हणजे पट्टीवर पन्हळ-गोलाई पाडणारे, रंधे दहा ते सव्वादहा इंचांचे असत, कधी त्याहून थोडे लांब. शतकाच्या शेवटच्या तृतीयांशात साडेनऊ इंच हे माप सर्वत्र रूढ झाले आणि ते शेवटपर्यंत टिकले. म्हणजे साडेनऊ इंचांवरून रंधा फार जुना नाही एवढेच कळते, किती नवा हे कळत नाही.

ते सांगणाऱ्या जागा म्हणजे कडा. वरच्या आणि टोकांच्या उभ्या कडा मारलेल्या असतात, कारण नाहीतर त्या तळहातात रुततात. त्या कडा सपाट, रुंद, हातातल्या हत्याराने कोरलेल्या आहेत की नुसत्या गोलसर घासलेल्या? जुन्या रंध्यांत हा उतार सपाट आणि चांगला रुंद असतो, आणि टोकाच्या उभ्या कडेवर तो खाली जिथे संपतो तिथे गोल पटाशीचा एक छोटा, नेमका घाव असतो. १९व्या शतकात उतार अरुंद झाला, मग गोलसर झाला, आणि पटाशीचा घाव हळूहळू नाहीसा झाला. मजुरीचा हिशेब असा कडांवर लिहिलेला असतो. पाचरीचे वरचे बोंडही पाहा: जुने गोलाकडे झुकते, नंतरचे लंबगोल होत जाते.

जाता जाता पहिल्या उभ्या काठीविषयी. १८व्या शतकातले ठसेकार इंग्रजी ‘जे’ या अक्षराऐवजी सर्रास ‘आय’ वापरत. तेव्हा एखाद्या जुन्या ठशावर आय आणि पुढे आडनाव दिसले तर इसाक किंवा इग्नेशियस शोधत बसू नये, तो बहुतेक वेळा जॉन, जेम्स नाहीतर जोसेफ असतो.

पाचर:

कडा पाहिल्या. वरचा उतार सपाट आहे आणि साधारण सहा मिलिमीटर रुंद आहे. टोकाच्या दोन्ही उभ्या कडांवर तो खाली थांबतो तिथे नखाच्या चंद्रासारखा एक घाव आहे. डावीकडचा उजवीकडच्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर वर आहे. ही खूण इतके दिवस हातात घेऊनही मला दिसली नव्हती. पाचरीच्या बोंडाचा एक तुकडा उडाला आहे, पण उरलेला भाग गोलाकडेच झुकतो.

बीचपान:

मी ग्लासगोला असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या या चर्चेत थोडी उत्तरेची भर घालतो. आमच्याकडे कोणत्याही जुन्या पेटीत हात घातला तर अलेक्झांडर मॅथिसनचा रंधा निघतो. १७९२ पर्यंत आपली परंपरा नेणारे हे घराणे १९व्या शतकात प्रचंड वाढले, आणि चंद्रकोर व तारा ही त्यांची खूण. यांच्या ठशात काळ शोधायचा तर नाव वाचून पुरत नाही. नावापुढे मुलगा जोडलेला आहे का, आणि सोबत पत्ता किंवा शाखेचे गाव आहे का, हे पाहावे लागते. पुत्राचे नाव दुकानाच्या पाटीवर चढले की ठसाही बदलतो, आणि दुकान हलले की पत्ता बदलतो. लंडनच्या मोझलींच्या बाबतीतही तसेच आहे. त्यांचे कॉव्हेंट गार्डनचे ठसे आणि ब्लूम्सबरीचे ठसे एकमेकांपासून वेगळे काढता येतात. पत्ता असलेला ठसा मिळाला तर त्याला सोन्यासारखा जपावा.

दोन इशारे. पहिला असा की टोकावर वरच्या मध्यभागी असलेले नाव दर वेळी कारागिराचेच असेल असे नाही. मोठ्या गावांतले हत्यारांचे दुकानदार दुसऱ्यांकडून रंधे करवून घेत आणि त्यांवर स्वतःचा ठसा मारत. अशा नावावरून विक्री कुठे झाली हे कळते, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच समाधान मानावे लागते.

दुसरा इशारा गावांच्या नावांचा. नॉर्विच वाचून सगळे इंग्लंडच्या नॉरफकमध्ये जातात, आणि ठसा ग्रिफिथ्सचा असेल तर ते बरोबरच आहे, कारण त्या घराण्याचे रंधे ढिगांनी सापडतात. परंतु अमेरिकेत कनेक्टिकटमध्येही नॉर्विच आहे. बॉस्टनचे तर सांगायलाच नको. लाकूड पाहावे: अमेरिकेचे जुने रंधे बर्चचेही असतात, ब्रिटिश बहुधा बीचचेच. आणि टोकावर कोरीव नक्षी व सालाचे आकडे दिसले तर ब्रिटन सोडून हॉलंडकडे वळावे. ब्रिटिश रंधा कोरा करकरीत असतो, त्याला नटायचे माहीत नाही.

मुळाकाठ:

माझी शंका आता बरीच निवळली आहे. एक प्रश्न मात्र उरतो. जॉन ग्रीनच्या आधीचे लोक कोण? म्हणजे रंध्यावर नाव टाकायची पद्धत सुरू कधी झाली?

जुनाबाजार:

१७व्या शतकाच्या शेवटापर्यंत पुष्कळ सुतार आपले रंधे स्वतःच करून घेत, किंवा हॉलंडहून आलेले वापरत. १७००च्या आसपास लंडनमध्ये रंधे करणे हाच धंदा असलेले लोक दिसू लागतात. त्यांतला नाव घेऊन सांगता येईल असा पहिला माणूस टॉमस ग्रॅनफर्ड. त्याच्या हाताखाली रॉबर्ट वुडिंग शिकला आणि वुडिंगच्या हाताखाली पुढचे शिकले. रंधेवाल्यांचा स्वतंत्र संघ नव्हता, त्यामुळे यांची उमेदवारी लंडनच्या जॉइनर, म्हणजे जोडकाम करणाऱ्या सुतारांच्या, संघाच्या दफ्तरात सापडते. गुरू-शिष्यांची ही साखळी आज सांगता येते ती त्या दफ्तरांमुळेच. वुडिंगचा ठसा हातात आला तर रंध्याचे माप सव्वादहाच्या जवळ असेल आणि कडा अशा रुंद असतील की अंगठा टेकावा.

१८व्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनला क्रिस्टोफर गेब्रिएल होता. रंध्यांतून सुरू झालेले हे घराणे पुढे लाकडाच्या व्यापारात इतके वर आले की त्यातला टॉमस गेब्रिएल १८६६ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. रंधे करून कोणी श्रीमंत होत नाही असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो, आणि मग कबूल करतो की ते लाकूड विकून श्रीमंत झाले.

रिकामा_सुतार:

या आठवड्यात घरी गेलो तेव्हा आजोबांचा रंधा पोटमाळ्यावरून काढला आणि प्रथमच नीट पाहिला. पात्यावर वॉर्ड अँड पेन, शेफिल्ड असे आहे. अंगावर मात्र कुठेही, पुढे, मागे, वर, एकही ठसा नाही. लाकूड जड आहे, लालसर आहे, आणि शेजारच्या सुतारकाकांनी ते हातात घेताक्षणीच बाभूळ म्हणून सांगितले. त्यांचे म्हणणे असे की पूर्वी पाते तेवढे विकत आणायचे आणि अंग आपल्या हाताला बसेल असे स्वतः करायचे, त्यांच्या वडिलांनीही तसेच केले होते. मूठ बसते त्या जागी लाकूड बोटांच्या आकाराने खोलगट झाले आहे. माझी बोटे त्यात बसत नाहीत, आजोबांचे हात मोठे होते.

तेव्हा आमचा विलायती रंधा दोनतृतीयांश देशी निघाला. पात्याविषयीचे माझे पहिले विधान मागे घेतो.

खटपट्या:

धागा उशिरा वाचला. पात्यावरून गंडण्याचा माझा अनुभव तुमच्यापेक्षा महाग आहे. ऑनलाइन एका विक्रेत्याने ‘१७६०चा दुर्मीळ रंधा’ म्हणून एक नग विकला होता. आधार काय, तर पात्यावर कास्ट स्टील असे लिहिले आहे आणि शेफिल्डजवळच्या बेंजामिन हंट्समनने हे कास्ट स्टील, म्हणजे मुशीतले पोलाद, १७४०च्या सुमारास तयार केले. दोन्ही विधाने खरी आणि निष्कर्ष खोटा! कास्ट स्टील ही अक्षरे पुढे १९व्या शतकात पात्यांवर सर्रास मारली जात होती. घरी आल्यावर भिंग लावून पाहिले तर त्याच पात्यावर, खालच्या कोपऱ्यात, ट्रेड मार्क हे दोन शब्दही होते. ब्रिटनमध्ये ट्रेडमार्क नोंदणीचा कायदाच १८७५चा. पाते तर गेलेच, पण अंगाच्या कडाही गोलसर निघाल्या, म्हणजे रंधाच मुळी व्हिक्टोरियाच्या काळचा होता. चांगला चालतो, एवढे मात्र सांगितले पाहिजे.

मुळाकाठ:

पाचर, मागच्या ८ या आकड्याचा उलगडा अजून झाला नाही.

जुनाबाजार:

तो मापाचा आकडा आहे. असे गोल आणि खोलगट रंधे जोडीने विकले जात: एकाचा तळ बहिर्गोल, दुसऱ्याचा अंतर्गोल, दोघांवर एकच आकडा. पूर्ण संचात १ ते १८ अशा अठरा जोड्या, म्हणजे छत्तीस रंधे. अर्ध्या संचात एकाआड एक आकड्यांच्या नऊ जोड्या. आकडा सम आहे, तेव्हा तुमच्या मालकाकडे सम आकड्यांचा अर्धा संचही असू शकेल. दुकानातले ते खोके अजून तिथेच असेल तर परत जाऊन पाहा. मागच्या टोकावर ८ आणि तीच आद्याक्षरे शोधा.

पाचर:

आज परत गेलो. दुकानदाराने खोके बाहेर आणून दिले आणि त्याच्या तळाशी, गंजलेल्या बिजागऱ्यांखाली, अंतर्गोल तळाचा ८ नंबर मिळाला. मागच्या टोकावर तीच दोन आद्याक्षरे आहेत. इतकेच नव्हे, तर पहिल्या अक्षराच्या आडव्या दांड्याला उजवीकडे जो तुटका कोपरा माझ्या रंध्यावर आहे तोच याच्यावरही आहे, म्हणजे ठसा मारणारे पोलाद एकच.

पण पुढच्या टोकावरचे नाव जॉन ग्रीनचे नाही. तिथे दोन ओळी अगदी स्वच्छ आहेत: किंग अँड पीच, आणि खाली हल हे गावाचे नाव.

जुनाबाजार:

उत्तम! किंग अँड पीच १९व्या शतकाच्या मध्यावरचे आहेत. ग्रीनचा काळ त्याच्या पुष्कळ आधीचा. दोन्हींवर एकाच माणसाचा ठसा आहे, याचा अर्थ तुमच्या मालकाने ग्रीनचा रंधा नवा घेतलेला नाही, तो त्याला जुना मिळालेला आहे, आणि त्याची जोडी हरवली होती म्हणून त्याने हलचा रंधा घेऊन संच पुरा केला. तुमच्या रंध्यावर सर्वांत खाली ती दुसरी आद्याक्षरे आहेत, ती हलच्या रंध्यावर आहेत का?

पाचर:

नाहीत. हलच्या रंध्यावर एकच मालक आहे.

दोन्ही तळ एकमेकांत बसवून खिडकीसमोर धरले. दोन्ही कडांना टेकतात, पण मध्यभागी केसभर उजेड दिसतो. यॉर्कचा ८ आणि हलचा ८ सारखे नव्हते. हलच्या रंध्याच्या तळाला एका बाजूने कोणीतरी घासून गोलाई थोडी उघडी करायला सुरुवात केलेली दिसते. साधारण चार इंच घासले आहे, पुढे तसेच सोडून दिले आहे.